दोघांची नौका

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, वसतिगृह, विद्यार्थीनिधी अशा विषयांवर विद्वानांची भाषणे आपण ऐकत आला आहात. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘शिडाच्या नौकेवरील संसार’ असे सांगितले आणि ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. परंतु माझी सारी नोकरी मुंबई बंदरात गेली. मला जे थोडेफार ठाऊक आहे ते पाण्यालगतचेच असावयाचे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षातली, १९७८ सालची गोष्ट. एक लहानशी परदेशी नौका सकाळी बंदरात येऊन नांगर टाकून उभी होती. डोलकाठीवर पिवळे निशाण होते. परमुलखातून आलेल्या नौकेने बंदराची परवानगी मिळेपर्यंत ते लावावयाचे असते. कागद तपासण्यास आमचे साहेब लाँचमधून निघाले, आणि वही सांभाळीत मी त्यांच्या मागे. नौकेवर एक मध्यमवयीन बाई होत्या. साहेबांनी विचारले, “यजमान कोठे आहेत?” बाईंनी खालच्या खोलीकडे बोट दाखविले, यजमान झोपले होते. साहेबांनी त्यांना उठविण्यास सांगितले. बाई शांतपणे म्हणाल्या, “पहाटेपर्यंत सुकाणू त्यांच्या हाती होते. आता पाळी माझी आहे. काय विचारावयाचे ते मला विचारा.” सगळे कागद त्यांनीच दाखविले, सह्याही त्यांनीच केल्या. आमची लाँच परत फिरली तरी गृहस्थ झोपलेलेच. त्या वेळी मला ती बाई उद्धट वाटली, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

पुढे एरिक आणि सूझन हिस्कॉक या इंग्रज दांपत्याविषयी वाचनात आले, तेव्हा त्या प्रसंगाचा अर्थ थोडासा उलगडला. या दोघांनी १९५२ साली आपल्यासाठी ‘वाँडरर तिसरी’ नावाची नौका बांधून घेतली. लांबी अवघी तीस फूट, रुंदी सुमारे साडेआठ फूट. आपल्या उपनगरी गाडीच्या डब्याच्या निम्मीही नव्हे! त्यातच निजावयाचे, रॉकेलच्या स्टोव्हवर रांधावयाचे आणि त्यातच शिडे, दोर, नकाशे, पुस्तके ठेवावयाची. तिच्यातून त्यांनी १९५२ ते १९५५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि तेवढ्याने समाधान न होऊन १९५९ ते १९६२ या काळात दुसरी. हाताखाली खलाशी नाही, नोकर नाही. उपजीविका लेखनावर आणि छायाचित्रांवर. एरिक यांचे ‘क्रूझिंग अंडर सेल’ हे १९५० सालचे पुस्तक या विद्येचा पाठ्यग्रंथच मानला गेला.

आणि आश्चर्य असे की, या गृहस्थांचे डोळे लहानपणापासून अधू होते. जाड भिंगांचा चष्मा, त्यावर समुद्राचे तुषार! किनारा जवळ आला की दीपगृह, खडक, बंदराच्या खुणा ओळखाव्या लागतात. तेथे चूक झाली तर नौका फुटते. दृष्टी अधू असलेल्या माणसाने अशा ठिकाणी शेजारच्या माणसाच्या डोळ्यांवर किती विसंबावे लागत असेल, याचा विचार आपणच करावा.

अशा नौकेचा दिनक्रम आपल्या कल्पनेत सहसा येत नाही. वेग ताशी पाच सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे अनुकूल वाऱ्यात दिवसाकाठी शंभर-सव्वाशे मैल. कॅनरी बेटांपासून वेस्ट इंडीजपर्यंत अटलांटिक ओलांडावयास तीन-साडेतीन आठवडे सहज लागतात. गोड्या पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला अर्धा गॅलन, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास. रात्र असो वा दिवस, एकाने जागेच राहावयाचे, कारण वाटेत मोठी आगबोट आली तर तिला एवढीशी नौका दिसेलच असे नाही. वारा पाठीमागून एकसारखा वाहत असेल तर पुढे दोन जुळी शिडे उभारून त्यांचे दोर सुकाणूच्या दांड्याला बांधतात. मग नौका आपोआप मार्ग धरते. मात्र ती दोन्ही अंगांवर अशी लोळते की आमटीची वाटी हातातून खाली ठेवता येत नाही.

पाळीची ही पद्धत मोठी चमत्कारिक आहे. एक जागा असतो तेव्हा दुसरा निजलेला. तीस फुटांत राहून पतिपत्नींची भेट पाळी बदलताना होणार, तीही चार शब्दांपुरती: वारा कसा आहे, दिवा दिसला का, चहा गरम आहे. उरलेला वेळ एकाने आपला जीव दुसऱ्याच्या हाती सोपवून स्वस्थ निजावयाचे. झोप लागली नाही तर तिसऱ्या दिवशी दोघेही निकामी होतात. वादळाचे कौतुक सर्वांना असते; मला मात्र या निजण्याचेच अधिक वाटते.

बंदरात आल्यावर सुख असते असेही नाही. ओली शिडे वाळवावयाची, डब्यांनी पाणी वाहावयाचे, टपाल आणावयाचे, तळाचे शेवाळ खरवडावयाचे. शिवाय दोघेही एकाच वेळी जागे! (हशा) समुद्रावर गिळलेले शब्द तेथे बाहेर पडत असणार. माणसे ती माणसेच.

आपल्याकडे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० साली गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. २०२४–२५ साली दिलना आणि रूपा या नौदलाच्या दोन अधिकारी भगिनींनी ‘तारिणी’तून गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याचे धैर्य थोर खरेच. पण एकट्याला आपल्या झोपेचा भरवसा कोणावर ठेवावा हा प्रश्न पडत नाही.

आता थोडे घरचे सांगतो. आपण सर्व कुटुंबीयच आहात. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने माझी दृष्टी मंदावली. बँकेचे पुस्तक, विम्याचे कागद, घरपट्टी, जे चाळीस वर्षे मी कोणाच्या हाती दिले नव्हते, ते सारे सौभाग्यवतींकडे गेले. गेले म्हणतो, पण वर्षभर मी त्यांच्या पाठीशी उभा राहून “भरले का? पावती घेतली का? आकडा पुन्हा वाच” असे चालविले होते. एके रात्री त्या म्हणाल्या, “तुम्ही झोपत का नाही?” मला उत्तर देता आले नाही. बंदरातल्या त्या झोपलेल्या गृहस्थांची आठवण मात्र झाली.

हिस्कॉक दांपत्याने पुढे राहते घर विकून १९६८ साली एकोणपन्नास फुटी पोलादी नौका घेतली. ती दोघांना जडच गेली, आणि उतारवयात ते पुन्हा लहान नौकेकडे वळले. एरिक १९८६ साली निवर्तले, सूझन १९९५ साली. त्यांची ती तीस फुटी नौका १९८१ साली थीस मात्झेन यांनी घेतली. ते आणि त्यांच्या पत्नी किकी यांनी तिच्यातच संसार थाटला आणि दक्षिण जॉर्जियाच्या बर्फाळ किनाऱ्यावर सव्वीस महिने काढले.

हे टिपण सौभाग्यवतींनी मला दोनदा वाचून दाखविले. वाचताना त्यांनी दोन वाक्ये गाळली. कोणती, ते मी विचारले नाही.