देव दूर गेला असें वाटतें तेव्हां

नाशिक शहरांतून गंगापूर रोडनें पश्चिमेस निघालें कीं गोदावरी उजव्या हाताला सोबत करीत असते. त्याच बाजूस नदीकांठीं जलालपूर हें गांव आहे. 1868 सालीं तेथें गोखल्यांच्या घरीं जन्मलेली मनकर्णिका पुढें लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाली. संकटांत ईश्वरानेंच हात सोडला असें वाटूं लागलें म्हणजे ख्रिस्ती मनुष्यानें श्रद्धा कशी राखावी, ह्या प्रश्नाचा विचार करतांना त्यांचें चरित्र दृष्टीआड करतां येत नाहीं.

10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस नारायण वामन टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. पति हयात, पदरीं लहान मुलगा, आणि घर मात्र मोडलेलें! विधवेला निदान रडण्याची मोकळीक असते. कांहीं वर्षें वियोगांत गेल्यावर त्या पतीकडे गेल्या, तरी आरंभीं सोंवळें निराळेंच होतें. जातिभेद माणसानें निर्मिलेला आहे असें मनाला पटल्यावरच, 1900 सालीं, त्या ख्रिस्ती झाल्या.

येथें दुःख संपलें असें सांगणें सोपें आहे. पण तसें झालें नाहीं. ज्याच्या मागोमाग त्या ह्या वाटेला आल्या, तो सोबती 9 मे 1919 रोजीं निघून गेला.

अशा वेळीं भलीं माणसें समाचाराला येतात आणि म्हणतात, ‘तुमची श्रद्धा कमी पडली.’ श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं हा उपदेश ऐकला असेल. एखाद्यानें केलाही असेल. तो निर्दय तर आहेच, पण ख्रिस्ती शास्त्राला धरूनही नाहीं. मत्तय व मार्क ह्या शुभवर्तमानांत क्रूसावरचा येशू, आपला त्याग कां केला, असें देवालाच विचारतो. तो उद्गार बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभींचा आहे. त्या स्तोत्राचा शेवट स्तवनांत होतो खरा. परंतु तेथवर पोंचण्यापूर्वीं स्तोत्रकर्ता आपली तहान, उपहास आणि एकाकीपण ह्यांतील कांहींही झांकून ठेवीत नाहीं. मुख्य गोष्ट अशी कीं, गाऱ्हाणें देवाविषयीं दुसऱ्यापाशीं नाहीं, देवापाशींच आहे. ज्याच्याशीं नातें तुटलें त्याला कोणी जाब विचारीत नाहीं. म्हणून तक्रार करणारा मनुष्य श्रद्धेच्या उंबरठ्याबाहेर गेला असें समजणें चूक होय.

टिळकांच्या मागें ‘ख्रिस्तायन’ हें ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य अपुरें राहिलें होतें. आरंभींचे अध्याय तेवढे त्यांच्या हातून झाले. शाळेचें शिक्षण फारसें नसलेल्या लक्ष्मीबाईंनीं पुढचे 64 अध्याय रचले. ख्रिस्ताचें चरित्र म्हटल्यावर त्यांत क्रूस टाळतां येण्याजोगा नव्हताच. टिळकांचा अध्याय तेथवर पोंचला नव्हता, तो प्रसंग त्यांच्या पत्नीला लिहावा लागला. ग्रंथ 1938 सालीं प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई 24 फेब्रुवारी 1936 रोजींच निवर्तल्या होत्या.