सॉफ्टवेअरची नोकरी : दोन्ही बाजू
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले भाषण)



मी काही वक्ता नाही. रेल्वेच्या सिग्नल विभागातला डिप्लोमावाला इंजिनियर. पण कार्यकर्त्यांनी विषय दिला, ‘मुलांनी सॉफ्टवेअरमध्ये जावे का?’ आणि नाही म्हणवेना. आपले वाडवडील रेल्वे, गन कॅरेज फॅक्टरी अशा नोकऱ्यांसाठी जबलपूरला आले; आता आपली मुले नोकरीसाठीच पुण्या-बंगळूरला निघाली आहेत.

मी २००३ साली रेल्वेत लागलो. त्याच वर्षी १ एप्रिलला पश्चिम मध्य रेल्वे सुरू झाली आणि जबलपूर तिचे मुख्यालय झाले. धाकटा भाऊ हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. पाच वर्षांत त्याचा पगार माझ्या दुप्पट! खोटे कशाला बोलू, मनाला लागले. मग मी स्वतःची समजूत घालायचो, “माझी नोकरी पक्की, त्याची वाऱ्यावरची.”

२०२१ साली बाबा अंथरुणाला खिळले. मी गावातच, पण सिग्नल बिघडला की रात्री-अपरात्री निघायचे. भाऊ लॅपटॉप घेऊन आला आणि तीन महिने बाबांच्या खाटेशेजारी राहिला. दिवसा औषधपाणी, रात्री अमेरिकेचे काम. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात झालेले असतात. त्याची झोप अशी नव्हतीच. पण बाबांच्या तोंडात शेवटचे पाणी त्याने घातले. मी तेव्हा लाईनवर होतो.

दोन वर्षांनी त्याच भावाला कंपनीने पंधरा मिनिटांच्या कॉलवर घरी बसवले. वय चाळीस, फ्लॅटचा हप्ता चालू. सात महिने त्याने आईला कळू दिले नाही. आता दुसरीकडे लागला आहे, कमी पगारावर.

तो एकटा नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. आणि ‘सरकारी पेन्शन’ म्हणाल, तर १ जानेवारी २००४ पासून रेल्वेत लागलेल्यांना एनपीएस आली. यूपीएसचा पर्याय १ एप्रिल २०२५ पासूनचा. जुनी पेन्शन मला थोडक्यात मिळाली, यात माझी हुशारी काही नाही.

शिवाय सॉफ्टवेअर आता फक्त हिंजवडीत नाही. लिव्हर ओढून सिग्नल पाडलेले मी पाहिले आहेत. आज इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आहे, ‘कवच’ आहे. दोन्हींच्या पोटात सॉफ्टवेअरच. चाळिशीत मलाही पुन्हा शिकायला बसावे लागले.

माझी मुलगी बारावीत आहे. तिलाही सॉफ्टवेअरच करायचे आहे. मी हो म्हटले. मात्र आमच्या खात्याचा पहिला नियम तिला सांगितला : बिघाड होणारच नाही असे धरून चालायचे नाही, बिघाड झालाच तर सिग्नल आपोआप लाल झाला पाहिजे, म्हणजे गाडी जागच्या जागी सुरक्षित थांबते. घराचेही तसेच. हप्ता पगाराच्या मानाने बेताचा ठेवा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, शिकणे थांबवू नका, आणि नोकरी गेली तर पहिला फोन घरी करा.

पालकांनो, तो फोन आला तर “मी सांगितलेच होते” असे म्हणू नका. मी भावाला तसे म्हणालो होतो. आजही त्याची रुखरुख आहे.

गणपती बाप्पा मोरया! जय हिंद, जय महाराष्ट्र.