बृहन्नडेला मत द्यावे काय?

(एका वसंत व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



निवडणुका जवळ आल्या की आपल्या घरांतून पक्ष, जात, पैसा आणि लाट या विषयांवर भरपूर बोलले जाते. उमेदवार हा विषय सर्वांत शेवटी येतो, तोही वेळ उरला तर. परंतु कधी कधी उमेदवारांच्या यादीत एखादे नाव असे येते की, बाकी सारे बाजूला पडते आणि चर्चा त्या एका नावाचीच सुरू होते. बहुधा हसत हसत. तृतीयपंथी उमेदवार हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. अशा उमेदवारास मत द्यावे की न द्यावे, याचा विचार आज मला आपल्यासमोर मांडायचा आहे. आपल्यापैकी अनेक जण याद्या हाती घेऊन घरोघर जाणारे कार्यकर्ते आहेत. उद्या दारात कुणी हा प्रश्न विचारलाच, तर हसून वेळ मारून नेता येणार नाही.

विराटपर्वातील प्रसंग आपण जाणता. कौरवांनी विराटाच्या गाई वळवून नेल्या. राजपुत्र उत्तर रणात गेला, समोरची सेना पाहताच रथातून उडी टाकून पळू लागला आणि लढाई जिंकली ती त्याच्या सारथ्याने, बृहन्नडेने. इकडे राजवाड्यात विराट पुत्राच्या पराक्रमाने फुलून गेला होता. कंकाशी द्यूत खेळताना तो उत्तराची स्तुती करू लागला. कंकाचे म्हणणे एवढेच की, ज्याचा सारथी बृहन्नडा, त्याचा जय व्हायचाच. माझ्या पुत्राच्या बरोबरीने एका षंढाचे नाव? राजाने हातातला फासा कंकाच्या तोंडावर फेकून मारला आणि धर्मराजाच्या नाकातून रक्त वाहू लागले.

ही कथा मी फार ताणणार नाही. बृहन्नडा म्हणजे वेषांतरातील अर्जुन होता. प्रत्येक बृहन्नडेत अर्जुन दडलेला असतो असे नव्हे. पण विराटाचे वर्तन पाहा. रणात काय घडले, हे त्याने विचारलेच नाही. कोण लढले हे ठरवायला त्याला नाव पुरेसे वाटले.

याच विराटाने बृहन्नडेला आपल्या कन्येची नृत्यगुरू म्हणून अंतःपुरात ठेवले होते, हेही विसरता कामा नये. परंपरेने या लोकांना एक जागा दिली होती, भले तिला कुंपण असेल. इंग्रजांनी तीही ठेवली नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांची नोंदवही करण्याची तरतूद झाली; नोंद झालेल्यास दत्तक घेता येईना, मृत्युपत्र करता येईना, स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे हाही अपराध ठरला. मात्र सारा दोष इंग्रजांच्या पदरी टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. तो कायदा इतिहासजमा झाला, तरी दुकानाच्या पायरीवरून हाकलणारे हात आपलेच होते. स्वतंत्र भारताच्या मतदारयादीत त्यांना कित्येक दशके ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ म्हणूनच नाव नोंदवावे लागे. ‘इतर’ हा पर्याय निवडणूक आयोगाने दिला तो २००९ साली.

तरीही त्यापूर्वीच मध्य प्रदेशात आणि उत्तर प्रदेशात एक नवल घडले. २००० साली कटनीत कमला जान महापौर झाल्या, गोरखपुरात आशादेवी महापौर झाल्या. त्याच सुमारास शबनम मौसी सोहागपुरातून अपक्ष म्हणून मध्य प्रदेश विधानसभेत पोहोचल्या. या बातम्या आल्या तेव्हा वार्ताकक्षांत विनोदी मथळ्यांची चढाओढ लागली होती. मतदारांनी विनोद केला, तो आम्ही छापला, असाच सगळ्यांचा भाव.

आणि त्यात काही तथ्यही होते. त्या मतांमध्ये प्रस्थापित पक्षांवरचा राग मोठा होता. तुम्हा साऱ्यांपेक्षा हे बरे, हा टोमणा मतपेटीतून मारला गेला. मला या मतदानाविषयी आक्षेप आहे. टोमण्यासाठी ज्याचे नाव वापरले, त्या माणसाचा त्यात सन्मान कुठे झाला? राग एका दिवसात निवतो, नळाला पाणी मात्र पाच वर्षे यावे लागते.

दुसरा युक्तिवाद तेव्हा सर्रास ऐकू येई आणि अजूनही येतो. यांना ना बायको ना मुले, मग हे खाणार कुणासाठी? वरवर कौतुक वाटणारा हा विचार तपासून घ्यावा. एक तर तो वस्तुस्थितीला धरून नाही. या समाजात गुरू-चेल्यांची घराणी असतात, त्यांची नाती असतात, म्हातारपणाच्या काळज्याही असतात. आणि दुसरे म्हणजे, निःसंतान असणे हा काही सद्गुण नव्हे. संसार न थाटता समाजासाठी आयुष्य वेचणाऱ्यांविषयी आपल्या मनात आदर असतो, तो त्यांनी संसार केला नाही म्हणून नव्हे. त्या मोकळ्या आयुष्याचे त्यांनी काय केले, ते आपण पाहिलेले असते म्हणून. तेच येथेही पाहावे.

आता कायद्याचा भाग. कटनीचे महापौरपद महिलांसाठी राखीव होते. कमला जान महिला नव्हेत, या कारणाने त्यांची निवड रद्द झाली आणि २००३ साली उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला. आपल्या जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेवर ग्रामपंचायतीचा अर्ज भरला, तो फेटाळला गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला. सोयीनुसार पुढे पुन्हा पुरुष म्हणून लाभ घेता येणार नाही, हेही न्यायालयाने बजावले. त्या निवडून आल्या. महिलांची जागा गेली, असे काही भगिनींना वाटेल आणि त्या वाटण्याची टिंगल करू नये. परंतु न्यायालयाने घातलेली अट मला त्यावरचे बऱ्यापैकी उत्तर वाटते.

छत्तीसगडमधील रायगडचे उदाहरण आपल्याला अधिक टोचणारे आहे. जानेवारी २०१५ मध्ये तेथे मधुबाई किन्नर अपक्ष म्हणून महापौर झाल्या. रेल्वेगाड्यांत गाऊन-नाचून पोट भरणाऱ्या या उमेदवाराने ४,५३७ मतांनी ज्यांना हरवले, ते भारतीय जनता पक्षाचे उमेदवार होते. आपला उमेदवार पडला की आपण मतदाराला नावे ठेवतो. उमेदवार निवडताना कुठे चुकले, हे विचारायला मात्र बैठक लागत नाही!

तर मग मत द्यावे काय? मी म्हणेन, आधी खुर्ची पाहा. तेथे महापौर थेट जनतेतून आला. महाराष्ट्रात त्याला नगरसेवक निवडतात आणि कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात. पाठीशी एकही नगरसेवक नसलेल्या अपक्षाला अंदाजपत्रक मंजूर करून घेताना काय यातायात करावी लागेल, याचा विचार मतदाराने करायला हवा. हा आक्षेप अपक्षावर आहे, तृतीयपंथीयावर नव्हे. उद्या निवृत्त सनदी अधिकारी किंवा नामवंत नट अपक्ष उभा राहिला, तरी तो तितकाच लागू असावा. पांढरपेशा उमेदवाराला जो प्रश्न आपण संकोचाने विचारत नाही, तो फक्त यांनाच विचारणे हा अन्याय होईल. आणि समरसतेच्या नावाने काहीही न विचारता मत टाकणे, हीसुद्धा दुरून केलेली दयाच.

सरपंचपदाचे तसे नाही. २०१७ साली महाराष्ट्रात सरपंचांची थेट निवड सुरू झाली, तेव्हा माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे यांना निवडले. राज्यातील पहिले तृतीयपंथी सरपंच म्हणून वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली. गावात माणूस लपत नाही. कुणाच्या दुखण्याखुपण्याला कोण धावले, उधारी कुणी बुडवली, भांडण कोण मिटवतो, हे सारे गावाला ठाऊक असते. शहरातल्या सोसायटीत शेजारच्या सदनिकेतील माणसाचे नाव माहीत नसलेला मतदार छायाचित्र पाहून हसतो. गावाला हसण्यापूर्वी आठवावे लागते.

म्हणून आपल्या भागात असे नाव आले, तर मतदानापूर्वी त्या व्यक्तीशी एकदा समोरासमोर बोला. घरी बोलवा, चहा द्या. पाणीपट्टीची थकबाकी कशी वसूल करणार, चौदाव्या-पंधराव्या वित्त आयोगाचा निधी कुठे गेला, घरकुलांची यादी कुणी केली, हे विचारा. उत्तर आले नाही, तर मत देऊ नका आणि कारणही तोंडावर सांगा. पण मग तेच प्रश्न घेऊन त्याच दिवशी दुसऱ्या उमेदवाराच्या दारीही जा, मग तो आपल्या रोजच्या बैठकीतला का असेना. गावातील मंडळींना तर वेगळी सभा भरवायचीही गरज नाही. वर्षातून ठरावीक वेळा ग्रामसभा भरतेच. तेथे कोण येते आणि कोण नुसती सही पाठवून देते, ते मोजून ठेवा.