छावणीतील शिधा आणि शाळा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)





चिटणीस साहेबांनी मला 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय दिला होता. तो दरवर्षी होतो आणि मुलांना तो पाठ झाला आहे. म्हणून त्यांच्या परवानगीने आज मी जिथे शाळेचे दारच धड उघडत नाही, अशा मुलांविषयी बोलणार आहे.

वडीलधाऱ्यांना आठवत असेल, नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, त्यांच्यासाठीचा तो कर. मी तेव्हा शाळकरी मुलगा. वडील कुरकुरत मला पोस्टात पाठवीत, पण पाठवीत. पुढे त्यांतले बहुतेक लोक स्वतंत्र बांगलादेशात परतले.

त्याच बांगलादेशावर नंतर यजमान होण्याची पाळी आली. शेजारच्या म्यानमारमधील राखाईन, म्हणजे जुना अराकान, तेथील रोहिंग्या १९७८ मध्ये आले, १९९१-९२ मध्ये पुन्हा आले. मधल्या काळात १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना स्वतःच्याच मुलखात परके करून टाकले होते. २५ ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराने गावे जाळली, तेव्हा काही महिन्यांत सात लाखांवर माणसे सीमा ओलांडून आली. कॉक्स बाजार जिल्ह्यातील उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांत मूळ रहिवाशांपेक्षा निर्वासित जास्त झाले. कुतुपालोंगची छावणी तर जगातील सर्वांत मोठी. बांबू आणि ताडपत्रीच्या त्या झोपड्या. मार्च २०२१ च्या आगीत एका दिवसात सुमारे ४५ हजार लोक उघड्यावर पडले.

मदीनेच्या अन्सारांची गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण घरच्यांपेक्षा पाहुणे जास्त झाले आणि वर्षानुवर्षे परत जाता येईना, तर काय होते ते त्या गावांना विचारा. मजुरीचे दर पडले, टेकड्यांवरचे जंगल सरपणात गेले. २०१८ पासून छावणीत गॅस सिलिंडर वाटू लागले तेव्हा कुठे तोड कमी झाली. मला विचाराल तर ही सर्वांत शहाणी मदत, कारण ती पाहुण्याला आणि यजमानाला एकदमच पोचली.

आता पैशाचे. पुष्कळांची समजूत अशी की 'युनो'जवळ मोठी तिजोरी आहे. तसे नाही. निर्वासितांचे उच्चायुक्त कार्यालय, जागतिक अन्न कार्यक्रम, युनिसेफ या संस्था जवळजवळ सर्वस्वी ऐच्छिक देणग्यांवर चालतात. दरसाल अंदाजपत्रक मांडायचे आणि देशोदेशी हात पसरायचे. (आपल्या चिटणिसांना हा अनुभव नवा नाही.) २०२५ साठी ९३ कोटी डॉलरहून अधिक मागितले होते, निर्वासित आणि आसपासचे गावकरी मिळून सुमारे १५ लाख लोकांसाठी. दाते मात्र नव्या संकटाकडे वळतात, जुने संकट मागे पडते.

याचा परिणाम शिध्यात पाहा. प्रत्येक कुटुंबाला एक कार्ड. त्यावर माणशी महिना १२ डॉलर, आणि छावणीतल्या ठरलेल्या दुकानातून तांदूळ, डाळ, तेल घ्यायचे. मार्च २०२३ मध्ये त्याचे १० डॉलर झाले, जूनमध्ये ८. म्हणजे दिवसाला २७ सेंट! त्या वर्षअखेर मुलांमधील तीव्र कुपोषण १५ टक्क्यांवर गेले. २०२४ मध्ये रक्कम पुन्हा वाढवली. मार्च २०२५ मध्ये ती ६ वर आणण्याची सूचना निघाली आणि ऐन रमजानात, महिना संपता संपता टळली. छावणीबाहेर कामाची परवानगी नाही, मग तूट भरायची कशी? मुलीचे लग्न लवकर उरकायचे, मुलाला चोरून मजुरीला लावायचे, नाहीतर मलेशियाच्या होडीत बसायचे.

आणि शाळा? बंगालीत शिकवायचे नाही, कारण मुले इथेच रुजतील अशी सरकारला धास्ती. स्थानिक शाळेत प्रवेश नाही. २०२१ च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू झाला, ही मोठी गोष्ट. पण त्याच डिसेंबरात निर्वासित शिक्षकांनी स्वतः चालवलेल्या शाळा बंद करण्याचा हुकूमही निघाला. अहो, उपाशीपोटी ज्यांनी शाळा काढल्या त्यांच्या शाळा! आपल्या संस्थेची पहिली वर्षे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातले दुःख सांगावे लागणार नाही. जून २०२५ मध्ये निधी आटला म्हणून युनिसेफने बालवर्ग ते दुसरीपर्यंतचे वर्ग थांबवले आणि अकराशेवर शिक्षकांची नोकरी गेली. हे शिक्षक निर्वासित नव्हते, आसपासच्या गावांतले बांगलादेशी होते. ते रस्त्यावर उतरले. पाहुणा आणि यजमान यांच्यात आधीच असलेली कटुता आणखी वाढली.

मघाशी चहाच्या वेळी एका भगिनीने विचारले, जुने कपडे गोळा करून पाठवायचे का? पाठवू नका, बाई. कपड्यांच्या गाठोड्यापेक्षा वाहतुकीचा खर्च जास्त होईल, आणि तांदूळ तिथल्या दुकानात मिळतो. द्यायचे असेल तर खात्रीच्या संस्थेला रोख द्या, आणि वर्तमानपत्रात ज्या वर्षी त्यांचे नावही येणार नाही, त्या वर्षी द्या.