मुलांचे निबंध : वाक्यरचना आणि शब्दांची निवड
(तारकर्ली येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ज्ञातीतील विद्यार्थ्यांनी निबंधस्पर्धेसाठी लिहिलेले निबंध तपासण्याचे काम कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांकडे सोपविले होते. निकाल थोड्याच वेळात जाहीर होईल. तत्पूर्वी, ते निबंध वाचताना जे मनात आले ते आपणांपुढे मांडावे अशी आज्ञा झाल्यामुळे आम्ही उभे आहोत.

‘समुद्रकिनाऱ्यावरील एक सकाळ’ हा एक विषय होता. पुष्कळ मुलांनी सूर्यनारायणाचे लालबुंद बिंब समुद्रातून हळूहळू वर येत असल्याचे रसभरित वर्णन केले आहे. मंडळी, तारकर्लीचा समुद्र पश्चिमेस आहे. येथे सूर्य उगवतो तो कर्ली नदीच्या बाजूच्या झाडीमागून. समुद्राकडे तो जातो संध्याकाळी. पुळणीवर वाढलेल्या मुलास हे ठाऊक नसेल काय? चांगले ठाऊक आहे. परंतु निबंध लिहावयास बसताच त्याने डोळे मिटले आणि गाईड उघडले. ते वर्णन लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कदाचित पुरीचा किनारा असेल, कदाचित कोणताच नसेल.

मुले असे का करतात? आमच्या मते या उसनवारीच्या मुळाशी आळसापेक्षा भीती अधिक आहे. घरी मालवणी बोलणारा मुलगा वर्गात तोंड उघडतो आणि कोणीतरी हसते. तेवढ्याने त्याची अशी समजूत होते की, आपल्या घरातले सारेच शब्द अशुद्ध आहेत. मग तो छापील वाक्यांचा आश्रय घेतो. वस्तुतः १९८० साली रंगभूमीवर आलेल्या ‘वस्त्रहरण’ने मालवणी बोलीला महाराष्ट्रभर मान मिळवून दिला, तरी आपल्याच घरांतून ‘नीट बोल, गावंढळासारखे बोलू नको’ हे वाक्य अद्याप ऐकू येते.

तर मग बोलतो तसेच लिहावे काय? तसे आमचे म्हणणे नाही. ‘माझो भाव मुंबयक गेलो’ हे घरी बोलताना बिनचूक आहे. त्या बोलीचे व्याकरण तेच सांगते. परंतु प्रमाण मराठीत ‘गेलो’ हे ‘मी’च्या जोडीने येणारे रूप आहे. म्हणून निबंधात ‘माझा भाऊ मुंबईला गेलो’ असे लिहिले की, मुंबईला गेला कोण, भाऊ की लिहिणारा, असा घोटाळा होतो. मुलास एवढे कारण सांगितले तर पुरे. हसण्याचे प्रयोजन नाही. मुंबईकर मुलांची अडचण निराळी. ती ‘आईची मदत केली’ आणि ‘मी त्याला बोललो’ असे लिहितात. ते हिंदीचे वळण आहे. मराठीत आईला मदत करावयाची असते आणि ‘मी त्याला म्हणालो’ असे लिहावयाचे असते.

क्रियापदे आणि प्रत्यय शाळेचे असावेत. वस्तूंची नावे मात्र घरची खुशाल यावीत. एका मुलाने ‘त्या दिवशी समुद्राला फार पाणी आले होते’ असे लिहिले आहे. त्याचे आजोबा त्यास ‘उधाण’ म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी ती उधाणाची भरती, आणि अष्टमीच्या सुमारास येणारी ती भांगाची. समुद्रावरून येतो तो खारा वारा, जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. ज्या घरात एवढा नेमका शब्दसाठा आहे, त्या घरातील मुलाने ‘मंद मंद वारा वाहत होता’ एवढ्यावर भागवावे, याचे आम्हांस वाईट वाटते.

आता वाक्यरचनेविषयी. एक वाक्य असे होते : ‘किनाऱ्यावर पोहोचून सूर्य मावळला.’ मराठीत ‘पोहोचून’, ‘बसून’, ‘खाऊन’ अशा रूपांचा कर्ता सामान्यतः पुढच्या क्रियापदाचाच असतो. म्हणजे येथे सूर्य चालत चालत किनाऱ्यावर पोहोचला! ‘आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य मावळला होता’, असे हवे.

दुसरे वाक्य रापणीचे आहे. ‘पहाटे उठून जाळे समुद्रात सोडल्यानंतर दोर ओढून किनाऱ्यावर आणण्यात आलेल्या मासळीचे वाटप करण्यात आले.’ कोण उठले, कोणी जाळे सोडले, कोणी ओढले? वाक्यात माणूसच नाही. सरकारी परिपत्रकात ही रीत चालते, कारण तेथे पुष्कळदा कर्त्यास दडावयाचे असते. रापण ओढणाऱ्यांनी का दडावे? आम्ही त्या मुलास जवळ बसवून विचारले, ‘घडले कसे ते सांग.’ त्याने जे सांगितले तेच आम्ही कागदावर उतरविले : ‘पहाटे होडी जाळे घेऊन निघाली. काकांनी अर्धवर्तुळात जाळे टाकले. पुळणीवर उभ्या असलेल्या माणसांनी दोन्ही दोर धरले. मासळी बाहेर आल्यावर वाटे पडले.’ मराठी वाक्यात कर्ता बहुधा आरंभी आणि क्रियापद शेवटी येते. हे रापणीचे दोन दोर होत. एक सुटला की आतली मासळी गेली.

लांब वाक्य वाईटच, असा मात्र कोणी अर्थ घेऊ नये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली. तिच्यातील वाक्ये पुष्कळदा लांबच लांब आहेत. तरी कर्ता हरवत नाही. तो हात बसेपर्यंत मुलांनी लहान वाक्ये लिहावी.

जाता जाता वडीलधाऱ्यांस एक विनंती. १९६२ सालच्या लेखननियमांनी ‘घरांत’, ‘गांवांत’ यांवरचे पुष्कळसे अनुस्वार गेले. जुन्या वळणाने नातवंडांच्या वह्यांत ते पुन्हा देऊ नयेत. शाळेत त्यांचे गुण जातात.

पुढील वर्षासाठी ‘आमच्या घरातील एक काम’ हा विषय मंडळाने ठरविला आहे. पालकांनी मजकूर सांगू नये. मुलाने विचारले तर शब्द सांगावा, आणि लिहून झाल्यावर निबंध मोठ्याने वाचून घ्यावा. जेथे मुलगा अडखळेल तेथे वाक्य मोडावे.

ज्या निबंधास पहिले बक्षीस दिले आहे तो पावसाळ्याच्या बेगमीसाठी मासळी खारवून सुकविण्याविषयी आहे. मीठ किती, उन्हे किती दिवस दाखवायची, कावळे हाकायला कोणी बसायचे, हे सारे त्यात आले आहे. शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. त्या आम्ही पेन्सिलीने समासात दाखविल्या आहेत. लेखिकेचे नाव चिटणीस आता वाचून दाखवितील.