अणुबॅटरी: प्रश्न जाडीचा

किरणोत्सारी पदार्थाच्या विघटनातून थेट वीज मिळवण्याची कल्पना नवी नाही. रेडियममधून बाहेर पडणाऱ्या बीटा कणांच्या, म्हणजे अणुकेंद्रातून वेगाने सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या, साहाय्याने विद्युतदाब निर्माण करता येतो, हे हेन्री मोज्ली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1913 मध्येच दाखवले होते. 1970 च्या दशकात प्रोमेथियम-147 वर चालणाऱ्या बॅटऱ्या हृदयाच्या पेसमेकरमध्येही बसवल्या गेल्या, परंतु लिथियमच्या बॅटऱ्या आल्यावर त्या मागे पडल्या.

अलीकडे या क्षेत्रात निकेल-63 या समस्थानिकाची चर्चा अधिक होते, कारण त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, सुमारे 100 वर्षांचा असून त्याचे बीटा कण इतके मंद असतात की कातडीचा मृत थरही त्यांना अडवतो. असा कण सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात शिरला की जागोजागी इलेक्ट्रॉन मोकळे होतात व त्यांच्या जागी धनभारित छिद्रे उरतात. सरासरी 17 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या एका कणापासून अशा साडेचार हजारांहून अधिक जोड्या तयार होतात आणि अर्धवाहकातील अंगभूत विद्युतक्षेत्र त्यांना दोन बाजूंना ओढून प्रवाह निर्माण करते.

परंतु हाच सौम्यपणा आड येतो. निकेलचा पत्रा दोन-तीन मायक्रोमीटरपेक्षा जाड झाला की आतल्या अणूंचे कण धातूतच जिरतात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. अणुभट्टीत निकेल-62 वर दीर्घकाळ न्यूट्रॉनांचा मारा करून मिळवलेल्या महागड्या पदार्थाची ही नासाडी परवडणारी नाही. शिवाय सपाट पत्र्याच्या एकाच बाजूला अर्धवाहक असेल तर निम्मे कण भलत्याच दिशेला जातात. मॉस्कोजवळच्या संशोधकांनी 2018 मध्ये हिऱ्याचे 200 पातळ घट व निकेलचे थर एकाआड एक रचले, तेव्हा एका घन सेंटिमीटरमागे सुमारे 10 मायक्रोवॅट शक्ती मिळाली.

थर रचण्याऐवजी पृष्ठभागच दुमडावा, हा अब्जांश पदार्थांमागील विचार आहे. टायटेनियमचा पत्रा फ्लोराइडयुक्त द्रावात बुडवून त्यातून वीज सोडली असता त्यावर टायटेनियम डायऑक्साइडच्या उभ्या नळ्यांचे दाट रान उगवते. नळ्यांचा व्यास काही दशक नॅनोमीटर, लांबी मात्र अनेक मायक्रोमीटर. या नळ्यांत किरणोत्सारी पदार्थ भरला की कण कोणत्याही दिशेला सुटला तरी पुढ्यात अर्धवाहकाची भिंत असते.

तथापि पृष्ठभाग वाढवणे हा निव्वळ फायद्याचा व्यवहार नव्हे, आणि उत्साहाच्या भरात याचा विसर पडतो. स्फटिकाच्या कडेला अणूंचे बंध अपुरे राहतात, तेथे इलेक्ट्रॉन व छिद्रे पुन्हा एकत्र येऊन नाहीशी होतात, आणि मूळ प्रवाहच इतका क्षीण असतो की एरवी नगण्य वाटणारी गळतीही त्याला गिळून टाकते. म्हणून भिंतींवर ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखा अतिशय पातळ थर चढवून ते बंध शांत करण्याचे काम नळ्या उगवण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

2024 च्या जानेवारीत एका चिनी कंपनीने जाहीर केलेल्या निकेल-63 च्या बॅटरीची शक्ती 100 मायक्रोवॅट आहे. एक वॅटसाठी अशा दहा हजार बॅटऱ्या लागतील, तेव्हा मोबाइल फोनची गोष्ट तूर्त सोडून द्यावी. मात्र एवढीच शक्ती तासभर साठवली तर, गळती व इतर नुकसान वगळता, 36 मिलिवॅटचा प्रेषक 10 सेकंद चालू शकतो, आणि समुद्रतळाशी ठेवलेल्या संवेदकाला तासाभराच्या नोंदी कळवण्यास तेवढा वेळ पुरतो.