निवडणूक जिंकण्याची नीती आणि सभागृहाची प्रतिष्ठा



ज्या शाळेत मी पाटीवर पहिले अक्षर गिरवले, त्याच शाळेच्या सभागृहात सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चार शब्द बोलण्यास आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. सर आम्हांला नागरिकशास्त्र शिकवीत. पण आमच्या पिढीच्या स्मरणात ते राहिले आहेत ते वादविवाद मंडळाचे मार्गदर्शक म्हणून. इंदूरसारख्या शहरात, घरी मराठी, बाजारात हिंदी आणि आळीत माळवी ऐकत वाढलेल्या आम्हां मुलांना चारचौघांत उभे राहून आपले म्हणणे नीटसपणे कसे मांडावे हे त्यांनी शिकविले. पुढे आयुष्यभर मी राज्यशास्त्राचे अध्यापन केले, त्याचे मूळ या वास्तूत आहे.

आजच्या व्याख्यानासाठी निवडलेला विषय वरकरणी दूरदेशीचा वाटेल. चाळीस वर्षे विरोधी बाकांवर बसलेल्या एका पक्षाने अमेरिकेच्या काँग्रेसची १९९४ ची निवडणूक कोणत्या नीतीने जिंकली आणि त्या विजयाची किंमत कोणी मोजली, हा तो विषय होय. सरांच्या स्मृतिदिनी तो का निवडला, हे मी अखेरीस सांगेन.

प्रथम शब्दांचा खुलासा करतो. 'काँग्रेस' म्हणताच आपल्यासमोर आपल्या देशातील एक पक्ष उभा राहतो. अमेरिकेत मात्र काँग्रेस म्हणजे तेथील संसद. ४३५ सदस्यांचे प्रतिनिधिगृह आणि १०० सदस्यांचे सिनेट अशी तिची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहाची मुदत अवघी दोन वर्षांची असते, आणि सिनेटचे सुमारे एकतृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी नव्याने निवडले जातात. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची असल्याने तिच्या मध्यावर काँग्रेसची एक निवडणूक येते. तिला ते मध्यावधी निवडणूक म्हणतात, आणि बहुधा तीत राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाच्या जागा घटतात.

दुसरा खुलासा सभापतिपदाविषयी. आपल्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. त्या आसनावरील व्यक्तीने पक्षाच्या पलीकडे जावे अशी आपली अपेक्षा असते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा सभापती मात्र बहुमतातील पक्षाचा उघड नेता असतो, आणि कोणता प्रस्ताव केव्हा चर्चेस यावा हे बव्हंशी त्याच्या हाती असते. त्यामुळे प्रतिनिधिगृहातील बहुमत म्हणजे देशाच्या कायदेकारभाराची अर्धी किल्लीच होय.

ही किल्ली जानेवारी १९५५ पासून जानेवारी १९९५ पर्यंत सलग चाळीस वर्षे डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती. या काळात रिपब्लिकन पक्षाने राष्ट्राध्यक्षपद अनेकदा जिंकले. १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली, तरी प्रतिनिधिगृह हाती आले नाही. याचे कारण असे की, लोक राष्ट्राध्यक्ष निवडताना देशाचा विचार करीत आणि प्रतिनिधी निवडताना आपल्या गावाचा. कोणी रखडलेले निवृत्तिवेतन मिळवून दिले, कोणी पूल आणला, हे पाहून मत दिले जाई. सारे राजकारण अखेर स्थानिकच असते, हे सभापती टिप ओनील यांच्या नावाशी जोडले गेलेले वचन याच व्यवस्थेचे सार होते. शिवाय दक्षिणेकडील राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाची मुळे अमेरिकन यादवी युद्धाच्या काळापासून रुजलेली होती.

रिपब्लिकन पक्षाने ही स्थिती जणू प्रारब्ध म्हणून स्वीकारली होती. त्यांचे सभागृहनेते रॉबर्ट मिशेल १९५७ मध्ये सदस्य झाले आणि जानेवारी १९९५ मध्ये निवृत्त झाले. अडतीस वर्षांत एक दिवसही त्यांना बहुमताच्या बाजूस बसता आले नाही. दिवसा सभागृहात ओनील यांना विरोध करावा, सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर गोल्फ खेळावे आणि तडजोडीतून जे पदरात पडेल ते घ्यावे, अशी त्यांची रीत होती.

ही रीत ज्याला मान्य नव्हती तो गृहस्थ इतिहासाचा प्राध्यापक होता. जॉर्जिया राज्यातील एका महाविद्यालयात शिकविणारे न्यूट गिंगरिच १९७४ आणि १९७६ अशा दोन निवडणुका हरले आणि १९७८ मध्ये निवडून आले. आपला पक्ष बहुमतात येऊ शकतो, मात्र त्यासाठी सहकार्याची सवय सोडावी लागेल, असे त्यांचे निदान होते. त्यांनी सोळा वर्षे ज्या नीतीचा पाठपुरावा केला, तिची तीन अंगे मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिले अंग म्हणजे सभागृहाचाच व्यासपीठ म्हणून उपयोग. १९७९ मध्ये प्रतिनिधिगृहाचे कामकाज सी-स्पॅन या वाहिनीवरून घरोघरी दिसू लागले. दिवसाचे कामकाज आटोपल्यावर कोणत्याही विषयावर बोलण्याची सदस्यांना मुभा असे. गिंगरिच आणि त्यांचे सहकारी त्या वेळी डेमोक्रॅटिक सदस्यांवर घणाघाती आरोप करीत. समोरची बाके रिकामी असत, पण कॅमेरा केवळ वक्त्यावर रोखलेला असल्याने प्रेक्षकांस वाटे की, आरोपांना उत्तर देण्याची कोणाची छातीच होत नाही. मे १९८४ मध्ये ओनील यांनी संतापून कॅमेरा रिकाम्या बाकांवर फिरविण्यास फर्माविले. त्यानंतरच्या खडाजंगीत सभापतींनी काढलेले शब्दच नियमबाह्य ठरले, आणि गिंगरिच हे नाव देशभर पोहोचले. पुढे त्यांनी सभापती जिम राइट यांच्या आर्थिक व्यवहारांविषयी तक्रार दाखल केली. मार्च १९८९ मध्ये गिंगरिच ८७ विरुद्ध ८५ मतांनी पक्षाचे प्रतोद झाले, आणि त्याच वर्षी राइट यांना पायउतार व्हावे लागले.

दुसरे अंग उमेदवारांच्या तयारीचे. 'गोपॅक' नावाची संस्था १९८६ पासून गिंगरिच यांच्या हाती आली. राज्यांच्या विधिमंडळांतील आणि स्थानिक पातळीवरील तरुण कार्यकर्ते हेरावेत, त्यांना भाषणे ध्वनिमुद्रित केलेल्या फिती पाठवाव्यात, प्रचार कसा करावा हे शिकवावे, असा तिचा उद्योग होता. गावोगावचे उमेदवार मोटारीतून जाता-येता या फिती ऐकत. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार शोधणाऱ्या पक्षांनी यापासून धडा घ्यावा, असे हे दीर्घकालीन काम होते.

तिसरे अंग भाषेचे, आणि आजच्या सभेस तेच विशेष महत्त्वाचे आहे. १९९० मध्ये गोपॅकने उमेदवारांना एक पत्रक पाठविले. 'भाषा : नियंत्रणाचे एक प्रमुख साधन' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. त्यात शब्दांच्या दोन याद्या होत्या. स्वतःविषयी बोलताना वापरावयाचे शब्द : संधी, धैर्य, कुटुंब, मुले. प्रतिपक्षाविषयी वापरावयाचे शब्द : भ्रष्ट, देशद्रोही, रोगट, केविलवाणे. विद्यार्थी मित्रहो, या दुसऱ्या यादीकडे नीट पाहा. प्रतिपक्षाचे मत चुकीचे आहे असे हे शब्द सांगत नाहीत. तो मनुष्यच वाईट आहे, असे ते सांगतात.

आता १९९४ कडे येऊ. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचा करवाढीचा अर्थसंकल्प १९९३ मध्ये प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१६ मतांनी कसाबसा संमत झाला होता. दोन्ही सभागृहांत एकाही रिपब्लिकन सदस्याने त्यास मत दिले नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या नवोदित सदस्या मार्जोरी मार्गोलिस-मेझविन्स्की यांनी अखेरच्या क्षणी निर्णायक मत दिले, तेव्हा विरोधी बाकांवरील सदस्यांनी हात हलवून त्यांना निरोप दिला. १९९४ मध्ये त्या खरोखरच पराभूत झाल्या. क्लिंटन यांची आरोग्यविमा योजना काँग्रेसमध्ये कोसळली होती, आणि प्रतिनिधिगृहाच्या अंतर्गत बँकेतील गैरव्यवहारांमुळे जुन्या बहुमताविषयी लोकांत चीड होती.

अशा वेळी, २७ सप्टेंबर १९९४ रोजी, तीनशेहून अधिक रिपब्लिकन उमेदवारांनी संसदभवनाच्या पायऱ्यांवर एकत्र येऊन 'अमेरिकेशी करार' या जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. बहुमत मिळाल्यास पहिल्या शंभर दिवसांत दहा विधेयके मतदानास आणू, असे ते अभिवचन होते. त्यातील शब्दयोजना फ्रँक लुंट्झ या जनमत-अभ्यासकाच्या साहाय्याने पारखून घेतली होती. गर्भपात आणि शाळांतील प्रार्थना यांसारखे पक्षातच वादाचे ठरणारे विषय जाणीवपूर्वक वगळले होते. तसेच वचन विधेयके मतदानास आणण्याचे होते, ती संमत करण्याचे नव्हे. पाळता येईल तेवढेच बोलावे, ही त्यातील चतुराई.

८ नोव्हेंबर १९९४ रोजी रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात ५४ जागांची भर घालून २३० जागा मिळविल्या आणि सिनेटही जिंकले. त्यांचा एकही विद्यमान सदस्य पडला नाही. सभापती टॉम फोली स्वतःच्या मतदारसंघात हरले. विद्यमान सभापती पराभूत होण्याची १८६२ नंतरची ती पहिलीच घटना. दक्षिणेतील बहुसंख्य जागाही त्या पक्षाकडे गेल्या.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. त्या वेळच्या पाहण्यांनुसार बहुसंख्य मतदारांनी त्या कराराचे नावही ऐकले नव्हते. म्हणून करारामुळेच विजय झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दक्षिणेतील जुनी निष्ठा आधीच सैल झाली होती, १९९० च्या जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा बदलल्या होत्या, राष्ट्राध्यक्ष अप्रिय होते. वारा सुटला होता हे खरे. पण वारा सुटण्यापूर्वी शिडे शिवून ठेवणे ही गिंगरिच यांची कामगिरी होती. निरनिराळ्या मतदारसंघांतील शेकडो लढतींना त्यांनी एकाच राष्ट्रीय प्रश्नाचे रूप दिले.

आणि न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, दोष एका बाजूचा नव्हता. चाळीस वर्षांच्या सत्तेने डेमोक्रॅटिक पक्ष उन्मत्त झाला होता. १९८५ मध्ये इंडियाना राज्यातील एका वादग्रस्त निवडणुकीत बहुमताच्या जोरावर त्यांनी आपल्या उमेदवारास चार मतांनी विजयी ठरविले, तेव्हा रिपब्लिकन सदस्य सभात्याग करून निघून गेले. मिशेल यांच्या सौजन्याचे फळ काय, असे तरुण सदस्यांनी विचारले तर त्यास उत्तर देणे अवघड होते.

विजयानंतर काय झाले? शंभर दिवसांत दहापैकी नऊ विषय प्रतिनिधिगृहात संमत झाले. वचन पाळले गेले. पण सिनेटमध्ये त्यांतील बरेच अडले किंवा सौम्य झाले. मग सत्तेचा वापर दबावासाठी झाला. अर्थसंकल्पावरील संघर्षात नोव्हेंबर १९९५ मध्ये आणि पुन्हा १६ डिसेंबरपासून ६ जानेवारी १९९६ पर्यंत, असे सलग २१ दिवस, केंद्र सरकारची अनेक कार्यालये बंद पडली. लोकांनी त्याचा दोष मुख्यतः काँग्रेसला दिला आणि १९९६ मध्ये क्लिंटन पुन्हा निवडून आले. ज्या शिस्तभंगाच्या अस्त्राने गिंगरिच यांनी राइट यांना घायाळ केले, तेच अस्त्र त्यांच्यावर उलटले. जानेवारी १९९७ मध्ये सभागृहाने ३९५ विरुद्ध २८ मतांनी त्यांना दोषी धरून तीन लाख डॉलर भरावयास लावले. नोव्हेंबर १९९८ मध्ये पक्षाच्या पाच जागा घटल्या, आणि त्यांनी सभापतिपद सोडण्याचे घोषित केले.

माणूस गेला, पण नीती राहिली. २००६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानेही उमेदवार हेरून, एक राष्ट्रीय प्रश्न पुढे करून बहुमत परत मिळविले. २०१० मध्ये रिपब्लिकन पक्षाने ६३ जागांची भर घातली. २०१८ मध्ये पुन्हा पालट, २०२२ मध्ये पुन्हा. चाळीस वर्षे न हललेले बहुमत पुढील तीस वर्षांत चारदा उलटले. लोकशाहीत सत्तापालट व्हावा हे मी शुभच मानतो. मात्र दर दोन वर्षांनी विजय हाताच्या अंतरावर दिसू लागला की, विरोधी पक्षाला सहकार्यात तोटा दिसतो. सरकारचे चांगले काम म्हणजे आपला पराभव, असे गणित मनात बसते. आणि दुसऱ्या यादीतील शब्द ऐकून ज्याने प्रतिस्पर्ध्याला देशद्रोही मानले, त्याने त्याच्याशी तडजोड तरी कोणत्या तोंडाने करावी? सभागृह हाती येते, पण ज्यासाठी ते उभारले तो विचारविनिमय तेथून उठून जातो.

आता मी सरांकडे येतो. मी नववीत असताना शाळेच्या वादविवाद स्पर्धेच्या अंतिम फेरीत माझ्यासमोर माळवी बोलणाऱ्या घरातील एक मुलगा होता. त्याचे मुद्दे माझ्याहून सरस होते, हे मला ठाऊक होते. पण 'ळ' आणि 'ण' उच्चारताना तो अडखळे. उत्तराच्या भाषणात मी त्याच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल केली. सभागृह हास्याने दुमदुमले, आणि ढाल मला मिळाली.

बक्षीस-समारंभानंतर सरांनी मला बोलावले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, ढाल तू जिंकलीस, ती तुझीच आहे. पण तो मुलगा पुढच्या वर्षी नाव देणार नाही. मग तू वाद कोणाशी घालणार?"

सरांचे म्हणणे खरे ठरले. पुढच्या वर्षी त्याने नाव दिले नाही, आणि त्याच्या वर्गातील आणखी कोणी दिले नाही. त्या वर्षीची ढालही मीच जिंकली, पण माझ्यासमोर उभे राहून मला विचार करावयास लावणारा कोणी नव्हता. त्या मुलाची क्षमा मी आजतागायत मागू शकलो नाही. आज ती या सभागृहात मागतो.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही निवडणुका लढवाल, लढवाव्यात. तयारी गिंगरिच यांच्यासारखी चिवट करा. दोन पराभव पचवून तिसऱ्यांदा उभे राहा. पाळता येईल तेच वचन द्या. पण शब्दांची ती दुसरी यादी हाती आली, तर ती बाजूला ठेवा. प्रतिस्पर्धी उद्याही समोर उभा राहिला पाहिजे. तो उरला नाही, तर सभागृहाच्या केवळ चार भिंती उरतात.

सरांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी आपली रजा घेतो.